चाळिसावा महाल

३० मार्च

कामाच्या वह्या मी पुष्कळ लिहिल्या. त्यांत मापं, प्लायचे तक्ते, खिळे, रंगाचे डबे. ही वही तसली नाही. आमच्या मुलीने, प्राचीने, दिवाळीत व्हिएन्नाहून पाठवली, कापडी पुठ्ठ्याची, बिनरेघांची. आजवर कपाटात पडून होती. आज काढली, कारण चाळिसाव्या महालाचं काम आजपासून सुरू झालं असं मी धरतो.

लालबागच्या आमच्या गल्लीतल्या गणपतीचा देखावा मी करतो. एकोणचाळीस वर्षं झाली. दरवर्षी महालच. जयपूरचा केला, म्हैसूरचा दोनदा, एकदा रशियाचा. सगळे फोटोवरून. समोरची बाजू, आत दरबार, मागे बांबू आणि सुतळी. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी तोडायचा आणि ट्रकमध्ये भरायचा. खरा महाल मात्र मी एकही पाहिलेला नाही. गणपतीच्या आधी सवड नसते आणि नंतर दुकानांची फर्निचरची कामं असतात.

यंदा मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष. प्राचीने वहीबरोबर एक कार्ड पाठवलं होतं, व्हिएन्नाच्या बादशहाच्या महालाचं. शोनब्रुन नाव. पिवळा रंग, हिरव्या खिडक्या, आमची आख्खी गल्ली आडवी मावेल इतका लांब. ते मी राजसला दाखवलं. राजस आमचा अध्यक्ष, चौतीस वर्षांचा. त्याचे आजोबा आणि माझे वडील गिरणीत एकाच पाळीला होते. त्याला कार्ड इतकं आवडलं की त्याने ते ठेवूनच घेतलं. कमिटीनेही हाच महाल धरला. काम कुणाला द्यायचं हे आमच्याकडे कधी विचारत नाहीत. मोठ्या मीटिंगमध्ये नारळ माझ्या हातात देतात आणि काम माझं होतं. यंदा ती मीटिंग १७ मेला आहे.

आज राजसच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, परळला, सत्ताविसाव्या मजल्यावर. मला ताप होता म्हणून मालन एकटी गेली. आल्यापासून गप्प आहे. जेवण बरं नव्हतं का, विचारलं. "जेवण बरा होता," म्हणाली आणि गॅलरीत जाऊन प्राचीशी तासभर फोनवर बोलत बसली. मायलेकींचं काय चालतं, मी त्यात पडत नाही.

२ एप्रिल

प्राचीचा फोन. "बाबा, तू मेमध्ये इकडे ये."

"मेमध्ये कसा येणार? गणपती झाल्यावर येतो."

"गणपती झाल्यावर महाल बघून काय करणार? आधी बघ, मग बांध ना. तिकीट मी काढते."

मुद्दा बरोबर होता. पण १७ तारखेची मीटिंग. तसं म्हटलं तर मालन स्वयंपाकघरातून ओरडली, "मीटिंग काय पळान जातली? दगडू आसा मा थंय. तो घेतलो नारळ तुमच्या नावान."

मी म्हटलं, तूही चल. तर म्हणते, "माजे गुडघे त्या विमानात मावचे नाय. तुमी जावन येवा." चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई मला मालवणला आठ दिवस एकटा सोडायला तयार नसते. मुलीच्या घरी जातोय म्हणून बहुतेक.

६ एप्रिल

राजस नाक्यावर भेटला. सांगितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"काका, बिनधास्त जा. इथलं टेन्शन अजिबात घेऊ नका. उलट चांगलं झालं."

पोरगा समजूतदार आहे. म्हणाला, जुन्या देखाव्यांची मापं आणि गल्लीचा नकाशा माझ्याकडे देऊन ठेवा, मंडळाच्या रेकॉर्डला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझे कागद मागितले. घरी येऊन सगळे काढले, झाडले, पिशवीत घालून नेऊन दिले. गल्लीत कुठे गटाराचं झाकण आहे, कुठे वायर खाली येते, सगळं त्यात आहे.

मालनला सांगितलं तर तिने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं.

२९ एप्रिल

व्हिसा आला. दगडूला फोन केला. दगडू माझा रंगारी, मी लाकूड करतो आणि तो त्याचा दगड करतो. तीस वर्षांची जोडी. म्हटलं, "नारळ तू घ्यायचा." म्हणाला, "बघू रे." मग म्हणाला, पंप आलाय, पाणी भरायचंय. त्यांच्याकडे पाणी सकाळी येतं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

१० मे, व्हिएन्ना

पोचलो. प्राची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिने चार दिवस सुट्टी घेतली. घर लहान, पण आमच्या खोलीच्या दुप्पट. खिडकीतून समोर एक झाड दिसतं, पांढऱ्या फुलांचे तुरे उभे राहिलेत दिव्यांसारखे. इथे कुणी मोठ्याने बोलत नाही. मी शिंकलो तर शेजाऱ्याने भिंतीपलीकडून काहीतरी म्हटलं. प्राची म्हणाली, शुभेच्छा दिल्या.

११ मे

आज महाल बाहेरून पाहिला. तिकीट उद्याचं आहे.

कार्डावर दिसतो त्यापेक्षा शांत आहे. मोठं पटांगण, त्यात वाळूचे बारीक खडे, आणि त्यांच्यापलीकडे तो. पिवळा रंग मी मनात भडक धरला होता, तसा नाही. पिकल्या केळ्याच्या सालीचा, त्यात थोडं दूध घातल्यासारखा. दगडूला सांगायला हवं.

लोक फोटो काढत होते. मी पावलांनी लांबी मोजत निघालो. प्राची हसायला लागली. शंभराच्या पुढे गेल्यावर एका शाळेच्या सहलीने मला मधोमध गाठलं आणि आकडा चुकला.

मग मी मागे गेलो. ही सवय आहे. कुठलाही देखावा पाहिला की आधी मागे जायचं. मागे खरं कळतं, आधार कुठे दिलाय, पाचर कुठे मारलीये. प्राची म्हणाली, "बाबा, कुठे चाललास? एंट्री इकडे आहे." म्हटलं, मागची बाजू बघून येतो.

मागची बाजू समोरच्यापेक्षा चांगली निघाली. तेवढ्याच खिडक्या, तसाच रंग, पुढे बागा, आणि लांब टेकडीवर आणखी एक कमान. मागे बांबू नाहीत, पाइप नाहीत, एक साधं डबकं नाही. मी कोपऱ्यापर्यंत गेलो, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना समोरच.

आता प्रश्न असा पडलाय, की काम करणारे जात कुठून होते? पाणी, लाकडं, जेवण, मैला, हे सगळं कुणी आणि कुठून नेलं? मागची बाजूच नसेल तर माणूस लपणार कुठे? प्राची म्हणाली, "तू महाल बघायला आलायस की त्यांची भांडी घासायला?" पण मला तेवढं कळलं पाहिजे.

१२ मे

आज फजिती झाली आणि फार चांगलं झालं. सविस्तर लिहितो.

तिकिटावर वेळ छापलेली असते, सव्वादहाला म्हणजे सव्वादहाला. हजाराच्या वर खोल्या आहेत म्हणे, आपल्याला चाळीस. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. दरवाजे सगळे एका रेषेत. पहिल्या खोलीत उभं राहिलं की शेवटची खिडकी दिसते. हे डोक्यात ठेवलं.

एका बादशहाची झोपायची खोली आहे. लोखंडी साधा पलंग, आपल्या केईएम हॉस्पिटलात असतो तसा. लोक तिथे थांबतच नव्हते.

प्रत्येक खोलीत कोपऱ्यात खोली तापवायची उंच पांढरी शेगडी, सोन्याच्या वेलबुट्टीची. मी तीनचार शेगड्या नीट पाहिल्या. लाकडं घालायला तोंडच नाही. मग एका भिंतीत मला जोड दिसला. भिंतीला लावलेल्या कापडावरची वेल पुढे चालू होती, पण एका उभ्या रेषेत पान अर्ध्या केसाने सरकलं होतं. म्हणजे दरवाजा. भिंतीसारखाच केलेला, कडी नाही, चौकट नाही. प्राचीला दाखवला. तिला दिसेना. बोटाने रेघ दाखवली तेव्हा "अय्या" म्हणाली.

पुढे राणीची लिहायची खोली लागली. लहानशी. वरपासून खालपर्यंत चिनी मातीची, पांढरी आणि निळी. फुलं, फळं, छत्र्या, वेली, आणि मधेमधे निळ्या रेषांची चित्रं. सगळे "आहा" करत होते. मीही केलं. मग मला वाटलं, एवढी मोठी चिनी माती भाजली कुठल्या भट्टीत? नीट पाहिलं. एका पानाच्या कडेला निळा रंग जरा जाड साचला होता. ब्रश उचलताना साचतो तसा. दगडूचाही साचतो, मी त्याला ओरडतो.

माझा हात दोरीपलीकडे कधी गेला कळलंच नाही. टकटक केलं.

लाकूड!

आवाज पुरा व्हायच्या आत तिथली बाई धावत आली. साठीची, करड्या केसांची, गळ्यात ओळखपत्र. ती जर्मनमध्ये मला बोलत होती आणि मी मराठीत प्राचीला सांगत होतो, "अगं, लाकूड आहे! आख्खी खोली लाकूड आहे!" मागची रांग थांबली. प्राचीचं तोंड लाल झालं. "बाबा, हात मागे घे. आधी हात मागे घे."

प्राचीने तिला काहीतरी समजावलं. बराच वेळ. बाईचा चेहरा हळूहळू बदलला. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि एक प्रश्न विचारला.

"बाबा, ती विचारते, तू खरंच महाल बांधतोस?"

"सांग, दरवर्षी एक."

"आणि आत कोण राहतं?"

"सांग, देव राहतो. अकरा दिवस."

"मग?"

"मग तोडतो."

प्राचीने ते सांगितलं तेव्हा बाईने छातीवर हात ठेवला. इथे एक खिळा बदलायचा तर वर्षभर कागद फिरतात म्हणे. मग ती म्हणाली, तुमचं बरोबर आहे, हे लाकूडच आहे, कोरून रंगवलेलं. राणीला चिनी मातीची खोली हवी होती, तशी दिसेल अशी करून दिली. आणि ती निळी चित्रं, दोनशे तेरा, ती कुणा मोठ्या चित्रकाराने नाही काढली. राणीच्या नवऱ्याने आणि पोरांनी घरी बसून काढली, छापील चित्रं समोर ठेवून.

शेगडीचंही मी विचारून घेतलं. भिंतींच्या आतून अरुंद बोळ आहेत. नोकर तिथून चालायचे आणि मागून शेगड्यांत लाकडं घालायचे, खोलीत राख सांडू नये म्हणून. म्हणजे मागची बाजू आहेच. ती त्यांनी मधे ठेवलीये.

निघताना बाईने माझ्याशी हात मिळवला. दोरीपलीकडे हात नेऊ नका, असंही पुन्हा सांगितलं.

१३ मे

प्राची म्हणाली, आज नदीवर जाऊ. म्हटलं, मला परत तिथेच सोड. एका जागी कुणी तीनदा जातं का, म्हणाली, पण सोडलं.

बागेत बाकावर बसून ती खोली आठवून काढली. सहा पानं झाली. अडीचशे वर्षांपूर्वी माझ्या धंद्यातला एक माणूस इथे होता. त्याच्यासमोरही कुणीतरी येऊन म्हणालं असणार, मेस्त्री, चिनी मातीची खोली पाहिजे, आणि हा म्हणाला असणार, करतो. एकोणचाळीस वर्षं लोक मला "खोटा महाल" म्हणायचे. कौतुकानेच, पण खोटा. आता मी त्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय.

यंदा दरबाराच्या डाव्या अंगाला ही खोली करायची. प्लायवर कोरून.

१७ मे

आज मीटिंग. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे इथे दुपार. तिकडच्या साडेसातला दगडूला फोन केला, उचलला नाही. आठला केला, नाही. साडेआठला उचलला. मागे टाळ्या वाजत होत्या.

"काय रे, घेतलास नारळ?"

"आवाज नाय येत मेस्त्री. इकडे गोंधळ हाय. मग बोलतो."

टाळ्या होत्या म्हणजे झालं. मालनला फोन केला तर ती म्हणाली, "जेवलात? काय जेवलात?" मी मीटिंगचं विचारलं तर तिने दोनदा जेवणाचंच विचारलं. प्राचीने आज संध्याकाळी उकडीचे मोदक केले. मे महिन्यात. म्हटलं, हे काय मधेच? म्हणाली, "असेच, बाबा." पोरगी एकटी राहून हळवी झालीये.

२३ मे, लालबाग

घरी आलो. नाक्यावर टॅक्सी वळली आणि वर बघतो तर मोठा बॅनर. शोनब्रुन! प्राचीच्याच कार्डावरून घेतलेला. अमृतमहोत्सवी वर्ष, भव्य महाल. आणि कोपऱ्यात माझा फोटो, लग्नातला काढून घातलाय वाटतं, टाय लावलेला. खाली "मार्गदर्शक: श्री. हितेंद्र मेस्त्री". टॅक्सीवाल्याला थांबवलं आणि दाखवलं. म्हणाला, "अरे, आप तो हीरो निकले." चाळीस वर्षांत माझा फोटो कधी लागला नव्हता.

मालनला सांगितलं. म्हणाली, "पयला पाणी पिवा."

२४ मे

राजस सकाळीच आला. पेढे आणि शाल घेऊन. बसला, उठला, पुन्हा बसला.

"काका, तुमचे आशीर्वाद पाहिजेत. एक कंपनी आहे, सिनेमाचे सेट करते. आख्खा महाल फायबरमध्ये बनवून आणतात. चार दिवसांत उभा. वर स्क्रीन, खिडक्यांतून लाइट..."

"आणि नारळ?"

"नारळ त्यांना दिला, काका. पण तुमचं नाव पहिलं आहे. कागद सगळे तुमचेच वापरतोय आम्ही. त्यांचा डिझायनर म्हणाला, असा नकाशा आयुष्यात बघितला नाही."

मालनने चहा आणला. त्याचा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. त्याला साखर नको हे तिला ठाऊक होतं, वास्तुशांतीला गेली होती तेव्हा कळलं असणार. तिने कप ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. मला वाटलं होतं, ही बातमी ऐकून ती रडेल. रडली नाही. बायकांचं मन घट्ट असतं.

"चांगलं केलंस," मी म्हणालो. शाल खुर्चीवरच राहिली.

३१ मे

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. हत्यारांना तेल दिलं.

३ जून

दगडू आला. उंबऱ्यातच उभा. आत ये म्हटलं तरी येईना.

"मी हात वर केला," म्हणाला.

"कसला हात?"

"मीटिंगला. कंपनीला पाहिजे त्यांनी हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केला. मी पण केला." मग म्हणाला, "माझा हात दुखतो रे आता, वरच्या कमानी रंगवताना. तुला सांगणार कसं?"

मला फार राग आला, तरी त्याला बसवलं. व्हिएन्नाची सहा पानं दाखवली. त्याने चष्मा लावला आणि निळ्या रंगाबद्दल विचारलं. किती गडद, कडेला कसा. मी म्हटलं, कडेला साचलेला. तो म्हणाला, "मग तो माझ्यापेक्षा भारी नव्हता." अर्धा तास आम्ही हसत होतो.

९ जून

आज गल्लीत कंपनीची माणसं माप टाकत होती. मी लांबून पाहिलं. मुख्य मंडपात माझ्यासाठी काही नाही, ते मला पुरतं कळलं. तिथून चालत दर्शनाच्या रांगेच्या वाटेने मागे आलो. चाळीचा कोपरा वळून वाट जाते, तिथे दरवर्षी दोन्ही बाजूंना पत्रे ठोकतात. माणसं दोनदोन तास त्या पत्र्यांकडे तोंड करून उभी राहतात. चाळीस वर्षं मी आत महाल करत होतो आणि लोक बाहेर पत्रे बघत होते. हे माझ्या आजवर लक्षात कसं आलं नाही?

१० जून

राजसकडे गेलो, सत्ताविसाव्या मजल्यावर. खाली चाळीची कौलं दिसतात, आमचीही.

"राजस, मला एक खोली दे."

तो दचकला. त्याला वाटलं फ्लॅट मागतोय.

"रांगेच्या वळणावर. बारा फूट बाय दहा. आत एका बाजूने यायचं, दुसरीने जायचं."

"काका, तिथे जाहिराती लागतात. शिवाय तिथे कोण बघणार?"

"दोन तास उभा असलेला माणूस काहीही बघतो."

त्याने बरीच कारणं सांगितली. रांग अडेल, पोलीस ओरडतील, कंपनीच्या थीमला जाईल का. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याच्या आईने आतून सांगितलं, "अरे, दे की मेस्त्रींना. मालनला तेव्हा दारातून रडत घालवलीस, ती अजून माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही." राजस खाली बघू लागला. ही कधीची गोष्ट ते कळलं नाही. म्हातारीचं हल्ली पुढचंमागचं होतं.

खोली मिळाली. बॅनरवरचा माझा फोटो काढायला सांगितला.

१२ जुलै

आमच्या चाळीत शहाण्णव खोल्या. शहाण्णव चौकटी केल्या, वीतभर बाय वीतभर, भोवती लाकडी वेल. प्रत्येक खोलीत एक कोरा कागद आणि निळं पेन दिलं. घरच्यांनी बसून काढायचं. राणीच्या पोरांना जमलं तर तुम्हाला का नाही, असं सगळ्या दारांवर सांगत फिरलो.

काय काय येतंय! आठ नंबरच्या कुशाबांनी साचा काढलाय, ज्या मागावर त्यांनी काम केलं तो, नव्वदाव्या वर्षी, एकूणएक दोरा मोजून. शेजारच्या अक्षदाने तिच्या आईचं मिरची कांडपाचं यंत्र काढलंय. कुणी नळावरची भांडी, कुणी मोबाइल. चाळिसाव्या खोलीतल्यांनी भांडून दोन चित्रं दिली, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. दोन्ही घेतली, चौकट तिरकी विभागली.

अठ्ठावन्न नंबर बंद असते. ती माणसं विरारला गेली. त्यांना कुरिअरने कागद पाठवला.

३० ऑगस्ट

सगळ्या चौकटी रंगून झाल्या. खालचा भाग दगडूने रंगवला, वरचा मी, तो खालून सूचना करतो. कंपनीचा फायबर महाल काल ट्रकने आला, खरोखर चार दिवसांत उभा राहील. चांगला आहे. पिवळा जरा भडक झालाय.

आमच्याच घरचं चित्र राहिलं होतं. मालन पाठ करून बसली होती, आज दिलं. प्राचीचं घर काढलंय. न बघता. दारात माड, मागे विहीर, आणि गॅलरीत दोन माणसं.

"अगं, थंय माड नसतत," मी म्हणालो.

"माज्या चित्रात आसत," म्हणाली. मग जरा थांबून, "विमानात सीट केवढी असता?"

१४ सप्टेंबर

गणपती बसले. लोक खोलीत येतात, आणि थांबतात. स्वयंसेवक ओरडतात, चला, पुढे चला. कुणी म्हणतं, चिनी मातीची आहे. कुणी म्हणतं, प्रिंट आहे. एका बाईने मुलीला कडेवर उचलून एकेक चित्र दाखवलं आणि रांग खरंच अडली. राजस धावत आला, मागे उभा राहून तोही बघत बसला. त्याच्या आजोबांच्या खोलीचं चित्र डाव्या भिंतीवर आहे. ते कुणी दिलं, मी विचारलं नाही.

मालनने आजच रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. पासाने जा म्हटलं तर नको म्हणाली.

२६ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज तोडायचा दिवस. कंपनीची माणसं सकाळी सातला आली, महाल नटबोल्ट काढून नंबर घालून घेऊन गेली. पुढच्या महिन्यात तो दुसरीकडे देवीला लागणार आहे.

मी आणि दगडू पटाशी, हातोडी घेऊन वळणावर गेलो. ट्रक सांगून ठेवला होता. जाऊन पाहतो तर चाळीतली माणसं आधीच उभी. कुशाबांना नातवाने खुर्चीवर बसवून आणलं होतं. "आमची चौकट आमाला द्या, मेस्त्री."

मी म्हटलं, हे सामान असतं, ट्रकमध्ये जातं.

"आमचं कसं जाईल?" चाळिसाव्या खोलीतली बाई म्हणाली. तिच्या नवऱ्याने करवतच मागितली.

मग एकेक चौकट सोडवून द्यायला लागलो. पटाशी अलगद लावायची, वेलीची पानं तुटू द्यायची नाहीत. तोडण्यापेक्षा कठीण काम. मालन आपलं घेऊन गेली, पदराने पुसत. दुपारी दोनपर्यंत पंचाण्णव चौकटी जिने चढून घरोघर गेल्या. ट्रकवाल्याने विचारलं, माल कुठे आहे? त्याला रिकामा परत पाठवला.

एक राहिली. अठ्ठावन्नची. त्यांना फोन केला. म्हणाले, "काढू नका, काका. रविवारी सगळी येतो, पोरांना जाग्यावर दाखवायची आहे."

राजसला विचारलं, गल्ली मोकळी करायची असते. तो म्हणाला, असू दे, काका. म्हणून त्या एका चौकटीसाठी, तीन फूट रुंद, भिंत अजून उभी आहे.